महादेवाच्या डोंगराच्या पूर्वेला

अविधेय नावाच्या राजाने पांडरंगपल्ली नावाचं गाव जयद्विट्ठ नावाच्या ब्राह्मणाला दान दिलं आणि ते दान तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवलं. गाव कुठे आहे, तर महादेवाच्या डोंगराच्या पूर्वेला. सोबत अनेवरी, चाळ अशी शेजारची आणखी काही गावं. राजाच्या बापाचं नाव देवराज, आजोबाचं मानांक. हा मानांक कुंतल देशावर राज्य करत होता आणि विदर्भ व अश्मक या दोन्ही मुलखांना त्याने धाकात ठेवलं होतं, असं त्याचा नातू सांगतो.

माळशिरसच्या माणसाला हा पत्ता कुणी समजावून सांगायला नको. नातेपुत्यावरून वर पाहिलं की शिखर शिंगणापूर दिसतं, तोच महादेवाचा डोंगर. फलटणपासून माण, माळशिरसच्या अंगाने उतरत आलेली शंभू महादेवाची ती रांग आहे. तिच्या पूर्वेला उतार संपतो, सपाटी लागते आणि भीमेच्या काठावर पंढरपूर येतं. अनवली आणि चळे ही गावं पंढरपूर तालुक्यात आजही आहेत. ताम्रपटातली पांडरंगपल्ली म्हणजे पंढरपूर, अनेवरी म्हणजे अनवली आणि चाळ म्हणजे चळे, असं महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी दाखवून दिलं. नुसत्या एका नावाच्या साम्यावर असं काही ठरवणं धोक्याचं असतं. इथे मात्र डोंगर, दिशा आणि शेजारची गावं एका जागी जुळून येतात, म्हणून ही ओळख मला पक्की वाटते.

आता त्या राजांकडे वळू. हे राष्ट्रकूट होते. राष्ट्रकूट म्हटलं की आपल्याला वेरूळचं कैलास लेणं आठवतं, दंतिदुर्ग, कृष्ण, अमोघवर्ष ही नावं आठवतात आणि मळखेडची राजधानी आठवते. ते साम्राज्य आठव्या शतकाच्या मध्यावर उभं राहिलं. मानांकाचं घराणं त्याच्या कितीतरी आधीचं. मिराशींच्या मते मानांक चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे साम्राज्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. शाळेच्या पुस्तकात सातवाहनांनंतर वाकाटक येतात, वाकाटकांनंतर चालुक्य येतात. त्या मधल्या फटीत माण नदीच्या खोऱ्यात एक राज्य होऊन गेलं, याची नोंद तिथे सहसा नसते.

या घराण्याची माहिती मुख्यतः तीन ताम्रपटांतून मिळते, आणि ते एकमेकांत कसे बसत गेले हे पाहण्यासारखं आहे. सर्वांत आधी प्रसिद्ध झाला तो अभिमन्यू राजाचा ताम्रपट. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला. अभिमन्यू मानपुरात राहून दान देतो. गावाचं नाव उंडिकवाटिका, दान घेणारा जटाभार नावाचा शैव तपस्वी आणि दानाचं निमित्त पेठपंगरक इथला दक्षिणशिव. हरिवत्सकोट्ट या किल्ल्याचा अधिकारी जयसिंह त्या वेळी समोर हजर होता. मुद्रेवर सिंह आहे. वंशावळ अशी: राष्ट्रकूटांना भूषण असा मानांक, त्याचा मुलगा देवराज, देवराजाला तीन मुलं, त्यांतला एक भविष्य आणि भविष्याचा मुलगा अभिमन्यू. तिघांपैकी उरलेले दोन भाऊ कोण, ते या पत्र्यांत नाही.

पुढे १९२९ च्या म्हैसूर पुरातत्त्व खात्याच्या अहवालात अविधेयाचा पांडरंगपल्लीचा ताम्रपट प्रसिद्ध झाला. बाप देवराज, आजोबा मानांक. म्हणजे दुसरा भाऊ सापडला. आणि नंतर पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या हिंगणी बेर्डी या भीमाकाठच्या गावी विभुराज नावाच्या राष्ट्रकूट राजाचा ताम्रपट मिळाला. तोही देवराजाचा मुलगा. तिथे दान देणारी राजाची आई आहे, देवराजाची राणी श्यावलांगी महादेवी. अशी तीन भावांची नावं तीन वेगवेगळ्या पत्र्यांतून पुरी झाली, आणि पहिल्या पत्र्यातले ‘तीन मुलं’ हे शब्द खरे ठरले. कुणा कवीने रचलेल्या वंशावळीवर आपण भरवसा ठेवला नसता. इथे वेगवेगळे पत्रे एकमेकांची साक्ष देतात.

ताम्रपट म्हणजे त्या काळचा सातबारा म्हटला तरी चालेल. जमीन कुणाची, कुणी दिली, हद्द कुठवर आणि सारा माफ आहे की नाही, हे पुढच्या अधिकाऱ्याला दाखवता यावं म्हणून तो करायचा. साधारणपणे दोन, तीन किंवा जास्त पत्रे घेत. कडा जरा उचलून घेत, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासले तरी अक्षरं झिजत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवत. एका बाजूला भोक पाडून त्यातून जाड कडी ओवत आणि कडीची दोन्ही टोकं मुद्रेत घट्ट अडकवत. मुद्रा फोडल्याशिवाय पत्रा बदलता येत नसे. खोटा पत्रा मध्ये घुसडण्याचे प्रकार तेव्हाही होत, म्हणून ही काळजी. मजकुराची रीतही ठरलेली. आधी देवाचं स्मरण, मग राजाचं घराणं आणि त्याचे पराक्रम, मग दान घेणाऱ्याचं गोत्र, मग गाव आणि त्याच्या हद्दी. शेवटी शापवचनं: जमीन देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात राहतो आणि ती हिसकावणारा तितकीच वर्षं नरकात. घराण्याच्या स्तुतीत अतिशयोक्ती असते. हद्दीच्या भागात ती परवडत नाही, कारण शेजारच्या गावचा माणूस ती वाचून भांडायला येणार असतो. म्हणून जुना मुलूख कसा होता हे शोधणारा माणूस ताम्रपटाचा शेवटचा तिसरा हिस्सा आधी वाचतो.

मानपूर कुठे, यावर मात्र मोठा वाद झाला. जुन्या लेखांचा अभ्यासक फ्लीट याने ते बांधवगडजवळचं मानपूर मानलं. पेठपंगरक म्हणजे पचमढीजवळचं पगारा, असंही कुणी सुचवलं. अभिमन्यूचा पत्रा एवढाच पुरावा होता तोवर राष्ट्रकूटांचं हे घराणं मध्य प्रदेशातलं ठरत होतं. पांडरंगपल्लीच्या पत्र्याने चित्र बदललं, कारण त्यात मानांकाला सरळ कुंतलाचा शासक म्हटलं आहे. कुंतल म्हणजे कृष्णेच्या वरच्या खोऱ्यापासून दक्षिणेकडे पसरलेला प्रदेश, आजच्या दक्षिण महाराष्ट्राचा आणि उत्तर कर्नाटकाचा भाग. कुंतलाच्या राजाची राजधानी बांधवगडला कशाला असेल? मिराशींनी म्हटलं, मानपूर म्हणजे सातारा जिल्ह्यातलं माण, आणि मानांकाने आपल्या नावाने ते वसवलं असावं. सगळ्यांना ते पटलं नाही. अभिमन्यूच्या पत्र्याचं अक्षर काहींना सातव्या शतकाचं वाटलं, आणि तसं मानलं तर सगळं घराणंच दोनशे वर्षं पुढे सरकतं. पत्र्यांवर शककाल नाही, म्हणून अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवावा लागतो आणि त्यात शंभर वर्षं इकडची तिकडे सहज होतात.

काळाबद्दल मी आग्रह धरणार नाही. जागेबद्दल मात्र मिराशींचं म्हणणं मला बळकट वाटतं, आणि त्याला नकाशाचा आधार आहे. माण तालुका, पंढरपूर आणि हिंगणी बेर्डी ही तीन ठिकाणं रेघांनी जोडा. जो त्रिकोण होतो त्याच्या पोटात माळशिरस तालुक्याचा बराचसा भाग येतो. दहिवडीकडून पंढरपूरला सरळ निघालं तर म्हसवड, पिलीव, भाळवणी असा रस्ता. हिंगणी बेर्डीकडे जायचं तर नीरा ओलांडून इंदापूरच्या बाजूने भीमेच्या काठाने वर. राजधानी माणमध्ये असेल, तर अविधेयाचा माणूस पांडरंगपल्लीची हद्द मोजायला याच मुलखातून गेला असणार.

हा मुलूख राज्य चालवण्यासारखा होता का, असा प्रश्न मनात येतोच. माणदेश म्हणजे दुष्काळी. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे हा प्रदेश मराठी वाचकाच्या मनात कोरडा आणि गरीब म्हणूनच ठसला आहे. पण जुन्या राज्याकडे नुसत्या पिकाच्या उत्पन्नावरून पाहिलं तर चूक होते. इथे चराऊ रानं आहेत, मेंढरं आहेत, खिलार बैल आहेत. पावसाळ्यात धनगरांचे कळप एका दिशेने जातात, उन्हाळ्यात दुसऱ्या, आणि कळपांच्या वाटांवरच देवाची ठाणी वसतात. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पालख्यांच्या आणि जत्रांच्या वाटांखाली गुराख्यांच्या, मेंढपाळांच्या जुन्या वाटा शोधल्या. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसोबा, खंडोबा यांच्या अभ्यासातून याच पट्ट्याचा धागा पकडला. डोंगराच्या पायथ्याची कोरडी रानं एका हातात आणि नीरा-भीमेच्या काठची काळी जमीन दुसऱ्या हातात असेल, तर राजा दोन्हीकडून जगतो. पाऊस गेला तर जनावरं हलतात, पाऊस लागला तर ज्वारी पिकते. शिवाय घाटाखालून तेरकडे, म्हणजे जुन्या तगर नगराकडे, माल जाण्याच्या वाटा भीमेच्या खोऱ्यातून जाऊ शकत होत्या.

पांडरंगपल्लीच्या पत्र्यातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. शिंगणापूरचं गाव यादव राजा सिंघणाच्या नावावरून वसलं, असं परंपरा मानते. सिंघण तेराव्या शतकातला. पत्र्यात मात्र डोंगराला आधीच महादेवाचं नाव आहे. म्हणजे आजचं देऊळ उभं राहण्याच्या कितीतरी शतकं आधी हा डोंगर शिवाचा होता आणि गावाचा पत्ता सांगायला त्याचंच नाव घेत होते. त्याच घराण्यातला अभिमन्यू दक्षिणशिवासाठी जटाभाराला गाव देतो, तेव्हा तो इथल्या हवेला धरूनच वागतो. दान घेणाऱ्या जयद्विट्ठाच्या नावात विठ्ठल नावाचा धागा शोधण्याचाही प्रयत्न झाला आहे. त्यावर मी काही बांधणार नाही, एका नावाला एवढं ओझं पेलत नाही. पण गाव मात्र पंढरपूरच, आणि त्याचा उल्लेख ज्ञानदेवांच्या सात-आठशे वर्षं आधीचा.

मानांकाने विदर्भाला धाकात ठेवलं, हा नातवाचा दावा. विदर्भात तेव्हा वाकाटक होते, त्यांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमला नांदत होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव याने कोरवलेला लेख आहे. त्यात या शाखेच्या विंध्यसेन राजाने कुंतलाच्या राजाचा पराभव केला, असं लिहिलं आहे. दोन्ही घराणी आपापल्या घरी बसून आपलाच विजय लिहितात. खरं कोण जिंकलं हे आता कळणार नाही, पण एकमेकांच्या शिवेला दोघं भिडत होते, हे दोन्हीकडून कळतं. पत्र्यातली बढाई मी अशीच वाचतो. विजयाचा आकडा सोडून द्यावा आणि शत्रूचं नाव धरावं. शत्रू खोटा सांगून काही फायदा नसतो.

कालिदासाचं नावही या घराण्याशी जोडलं गेलं आहे. ‘कुंतलेश्वरदौत्य’ नावाची एक कृती कालिदासाची म्हणून क्षेमेंद्र या जुन्या काश्मिरी पंडिताला ठाऊक होती, ती आता उपलब्ध नाही. गोष्ट अशी, की कालिदास कुंतलराजाच्या दरबारी वकील म्हणून गेला, त्याला मानाचं आसन मिळालं नाही, तर तो जमिनीवरच बसला आणि पृथ्वी हेच योग्य आसन म्हणून त्याने वेळ निभावली. भोज राजाच्या ग्रंथातही या भेटीची आठवण आहे. तिथे कुंतलराजा राज्याचा भार दुसऱ्यावर टाकून मौजेत रमलेला दिसतो. मिराशींच्या मते कालिदासाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने पाठवलं आणि तो कुंतलराजा म्हणजे मानांकाचा मुलगा देवराज. इतर विद्वान तो मान कदंबांना देतात, काही वाकाटक प्रवरसेनाला. माणगंगेच्या काठी कालिदास येऊन गेला, हे मला मनापासून आवडलं असतं. पण पुरावा तेवढा भरीव नाही. एवढं म्हणता येतं की उत्तरेच्या सम्राटाने दखल घ्यावी असं कुंतलाचं राज्य तेव्हा होतं.

नेमक्या याच शतकांत समुद्रापलीकडे कंबुज देशात, आजच्या कंबोडियात, अशीच राज्यं उभी राहत होती, आणि पुढच्या साम्राज्याच्या सावलीत न पाहता ती कशी वाचायची, हा प्रश्न तिथल्या इतिहासकारांनाही पडला. अंगकोरचं साम्राज्य ८०२ साली सुरू झालं असं मानतात. त्या वर्षी दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, स्वतःला सार्वभौम म्हणवून घेतलं. हे सांगणारा मुख्य लेख मात्र २५० वर्षांनी, अकराव्या शतकाच्या मध्यावर कोरलेला. त्याआधीच्या काळाबद्दल चिनी बखरकारांनी फुनान आणि चेन्ला अशी दोन नावं देऊन ठेवली, आणि बरीच वर्षं विद्वान ही दोन मोठी, एकसंध राज्यं समजत राहिले. दगडांवरचे लेख वाचत गेले तसं वेगळंच दिसू लागलं: भववर्मा, त्याच्यानंतर चित्रसेन ऊर्फ महेंद्रवर्मा, मग ईशानवर्मा, आणि त्यांच्या भोवती आपापल्या गावांवर, तळ्यांवर, देवळांवर हुकूमत चालवणारे कितीतरी छोटे धनी. ईशानवर्म्याची राजधानी ईशानपूर. चीनच्या सुई राजवंशाच्या बखरीत तिथे वीस हजारांवर घरं असल्याचं लिहिलं आहे. आज ती जागा सांबोर प्रे कुक नावाने ओळखली जाते आणि २०१७ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आठव्या शतकाच्या सुरुवातीला कंबुज देशात जयदेवी नावाची राणी स्वतः राज्य करताना दिसते.

मायकेल व्हिकरी या अभ्यासकाने १९९८ साली अंगकोरपूर्व कंबोडियावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा आग्रह असा की चिनी बखरी आणि संस्कृत स्तुती थोडी बाजूला ठेवा आणि ख्मेर भाषेत लिहिलेला भाग वाचा. तिथे शेतं आहेत, राबणाऱ्या माणसांची नावं आहेत, देवळाला दिलेली जनावरं आहेत. ख्मेर भाषेतला कालोल्लेख असलेला सर्वांत जुना लेख ६११ सालचा आहे. आमच्या पत्र्यांत तसा देशी भाषेतला भाग नाही, सगळं संस्कृतात. पण रीत तीच उपयोगी पडते. साम्राज्य पुढे होणार आहे, हे ठाऊक असल्यासारखं मागे वाचायचं नाही. देवराजाला दंतिदुर्गाची कल्पना नव्हती. त्याच्या राज्याची लांबीरुंदी डोंगरावरून, नदीवरून आणि दान दिलेल्या गावांवरूनच मोजायची.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी झाली. कंबोडियात त्या काळच्या विटांची देवळं उभी राहिली, माणच्या राजांचं एकही देऊळ आपण बोट ठेवून दाखवू शकत नाही. वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ सुंदर आहे, पण ते यादव काळातलं. पाचव्या-सहाव्या शतकातली वस्ती शोधायची असेल तर देवळाकडे न जाता गावाच्या पांढरीकडे जावं लागतं. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी उंचवट्याची जागा. माणसं शेकडो वर्षं एकाच ठिकाणी राहिली की राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठत जाते आणि जमीन पांढुरकी, भुसभुशीत होते. शेतकरी तिला खत म्हणून काळ्या रानात नेऊन टाकतो. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या काठी अशा पांढरी जागोजाग आहेत. त्यांच्यात खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे निघतात. १९४५-४६ साली कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा थरावर थर उलगडत गेले. हिंगणी बेर्डीच्या पत्र्यांचं वाचन करणारेही दीक्षितच.

मानपूरच्या राजांचं पुढे काय झालं? वाकाटक हरिषेणाने कुंतल जिंकल्याचं त्याच अजिंठ्याच्या लेखातून समजतं. सहाव्या शतकात बदामीचे चालुक्य उठले. बऱ्याच नंतरच्या, १००९ सालच्या कौठे ताम्रपटात असं येतं की चालुक्य जयसिंहाने कृष्णाचा मुलगा राष्ट्रकूट इंद्र याला हरवलं आणि त्याच्याकडे ८०० हत्ती होते. चारपाचशे वर्षांनंतर लिहिलेल्या या मजकुरातले हत्ती मी मोजणार नाही. मात्र शत्रूचं नाव इथेही राष्ट्रकूट आहे. गोकाकला मिळालेल्या एका पत्र्यात देज्ज महाराज नावाचा राष्ट्रकूट राजा येतो, त्याचा मांडलिक, सेंद्रक घराण्यातला इंद्रनंद, जैन अर्हताच्या पूजेसाठी जमीन देतो. हा देज्ज मानपूरच्याच वंशातला असावा, असं काहींचं मत आहे.

मग येतो ६३४ सालचा ऐहोळचा शिलालेख. दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारचा कवी रविकीर्ती सांगतो की पुलकेशी गादीवर बसला तेव्हा आप्पायिक आणि गोविंद हे दोघे हत्तींचं सैन्य घेऊन भीमरथीच्या उत्तरेकडचा मुलूख घ्यायला चालून आले. भीमरथी म्हणजे आपली भीमा. एकाला युद्धात भीतीची चव कळली, दुसरा शरण आला आणि त्याला त्याचं फळ मिळालं. शरण येणारा गोविंद, आणि गोविंद हे नाव पुढच्या राष्ट्रकूटांत वारंवार येतं, म्हणून तो याच कुळातला असेल असा तर्क करतात. तर्क मोहात पाडणारा आहे. मला त्यात महत्त्वाची वाटते ती नदी. चालुक्यांसारख्या नव्या, ताकदवान राज्याची शीव सातव्या शतकाच्या आरंभी भीमेवर ठरत होती, म्हणजे नीरा-भीमेच्या मधला हा पट्टा तेव्हा हातातून हातात जात असणार.

राष्ट्रकूट हे मुळात एका पदाचं नाव. गावचा मुख्य तो ग्रामकूट, राष्ट्राचा म्हणजे प्रांताचा मुख्य तो राष्ट्रकूट. म्हणून हे नाव लावणारी घराणी एकाहून अधिक आहेत. विदर्भात अचलपूरच्या बाजूला दुर्गराज, गोविंदराज, स्वामिकराज आणि नन्नराज असे चार पिढ्यांचे राष्ट्रकूट होते. नन्नराजाचा शके ६१५ चा, म्हणजे ६९३ सालचा ताम्रपट अकोला जिल्ह्यात सांगळूदला मिळाला. पुढचं सम्राटांचं घराणं स्वतःला लत्तलूरचे धनी म्हणवतं, ते लातूर. त्यांचा माणच्या मानांकाशी रक्ताचा संबंध होता, असं सिद्ध करता येत नाही. होता असंच धरून चालायची गरजही नाही. मानांक कुणाचा तरी पूर्वज होता म्हणून तो लक्षात ठेवायचा, हा हिशेबच मला मान्य नाही. त्याच्या नातवाने पंढरपूरच्या नावाची नोंद करून ठेवली, याहून मोठा वारसा तो कोणता देणार होता?

साम्राज्य उभं राहिलं ते दंतिदुर्गाच्या हातून. कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लज भागातल्या सामानगडला मिळालेला त्याचा ताम्रपट शके ६७५, म्हणजे ७५३-५४ सालचा. कांची, केरळ, चोल, पांड्य आणि हर्ष यांना हरवणारं जे कर्नाटकाचं सैन्य, ते मूठभर माणसांनिशी जिंकलं, असं त्यात म्हटलं आहे. कर्नाटकाचं सैन्य म्हणजे चालुक्यांचं. त्याच पत्र्यात त्याच्या आईबद्दल लिहिलं आहे की तिने चार लाख गावांतल्या प्रत्येक गावात भूमिदान केलं. हिंगणी बेर्डीच्या पत्र्यातली श्यावलांगी महादेवी आपल्या हाताने एक दान देते; इथे सम्राटाच्या आईला चार लाख गावं लागतात. राज्य किती वाढलं, हे या दोन बायकांच्या दानांकडे पाहिलं तरी समजतं. आकडा फुगवलेला आहे, पण तो फुगवावासा वाटणं हेच नवीन होतं.

हे सगळं कळलं ते काही पत्रे वाचले म्हणून. असे पत्रे बहुतेक वेळा उत्खननात सापडत नाहीत. नांगराच्या फाळाला लागतात, घराचा पाया खणताना निघतात, नदीची दरड कोसळली की उघडे पडतात, नाहीतर एखाद्या जुन्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फडक्यात गुंडाळून पूजेला ठेवलेले असतात. तांबं असल्याने ते वितळवलंही जातं, आणि एक कढई होते तेव्हा एखाद्या राजाचं नाव कायमचं पुसलं जातं. माळशिरस, माण, सांगोला, आटपाडी या तालुक्यांत जमिनीत पत्रा हाती लागला तर तो चिंचेने घासू नये, कारण हिरव्या थराबरोबर बारीक अक्षरांच्या कडाही जातात. कडी कापू नये आणि मुद्रा सोडवू नये, कारण कडी कापलेली आहे की अखंड, यावरून पत्रे मूळचे आहेत का ते ठरवतात. नेमका कुठल्या शेतात, किती खोल आणि कशाशेजारी निघाला, ते त्याच दिवशी लिहून ठेवावं, जमलं तर जागेवरच फोटो काढावा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. माळशिरसच्या तहसील कचेरीत अर्ज दिला तर तो सोलापूरला पोचतो.